अमेरिकेत नोकरीतला भेदभाव: तक्रारीपासून फेडरल कोर्टापर्यंत

नोकरी गेली, बढती नाकारली किंवा बदली झाली, हे ज्या दिवशी तुम्हाला कळवलं त्या दिवसाची तारीख आधी कागदावर लिहून ठेवा. वकील, पुरावे, कोर्ट हे सगळं त्यानंतर. भेदभावाच्या तक्रारीची मुदत इथे निर्णय कळवल्याच्या दिवसापासून मोजतात. १ मेला सांगितलं की ‘३० जून हा तुमचा शेवटचा दिवस’, तर मुदत १ मेपासूनच चालू होते. सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच हे ठरवून टाकलं आहे. तरीही आपली मंडळी नोटिशीचे दिवस गोडीगुलाबीने काढतात, मग नवी नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा यांच्या मागे लागतात आणि वकिलाकडे पोचतात तेव्हा तक्रार खरी असूनही वेळ निघून गेलेली असते.

अमेरिकेत नव्याने नोकरीला लागलेल्या, विशेषतः एच-१बीवर (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या कामाच्या व्हिसावर) असलेल्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. वकिलाच्या सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही. वकिलाकडे जाईपर्यंत हातातलं काही निसटू नये, एवढ्यासाठी तो लिहिला आहे.

तक्रार कायद्यात बसते का?

इथल्या बहुतेक खासगी नोकऱ्या ‘अ‍ॅट-विल’ असतात, म्हणजे मालक कधीही आणि कारण न देता काढू शकतो. बॉस खडूस आहे, सगळ्यांवरच ओरडतो, रेटिंग मनाला येईल तसं देतो, एवढ्यावर खटला उभा राहत नाही. कोर्ट विचारतं ते एकच: हे कशामुळे झालं? १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण, ज्याला सगळे टायटल सेव्हन म्हणतात, ते वंश, रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवतं. गरोदरपण लिंगात मोडतं. समलैंगिक किंवा ट्रान्सजेंडर असणंही २०२०च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून लिंगातच धरतात. चाळीस आणि त्यापुढच्या वयासाठी १९६७चा वेगळा कायदा आहे, अपंगत्वासाठी १९९०चा एडीए. टायटल सेव्हन आणि एडीए लागू व्हायला कंपनीत किमान १५ माणसं लागतात, वयाच्या कायद्याला २०.

यांच्या जोडीला एक जुना कायदा आहे आणि नवख्यांना तो सहसा माहीत नसतो. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली केलेल्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं ‘सेक्शन १९८१’. हे वंशभेदापुरतं आहे, पण १९८७च्या निकालानुसार वंशात माणसाचं कूळ आणि वांशिक ओळखही येते. त्याला कर्मचाऱ्यांच्या संख्येची अट नाही, सरकारी आयोगाकडे (म्हणजे ईईओसीकडे, त्याबद्दल पुढे येईल) आधी जावं लागत नाही आणि नोकरीतल्या बहुतेक दाव्यांना चार वर्षांची मुदत मिळते. मात्र नुसतं ‘मी अमुक देशाचा म्हणून’ एवढं त्यात चालत नाही. आयोगाची मुदत हुकली असेल तर वकिलाला पहिला प्रश्न या कायद्याबद्दलच विचारा.

छळाच्या तक्रारीत कसोटी जरा कडक आहे. वागणूक इतकी गंभीर किंवा इतकी सततची हवी, की कुणाही सामान्य माणसाला तिथे काम करणं अपमानास्पद आणि नकोसं व्हावं. उच्चाराची एकदा केलेली नक्कल पुरत नाही. तीच नक्कल आठवड्याच्या प्रत्येक मीटिंगमध्ये झाली, तिच्या जोडीला कामं काढून घेतली आणि वरिष्ठ हसत बसले, तर चित्र पालटतं. बदलीच्या बाबतीत मात्र २०२४ साली कर्मचाऱ्यांच्या बाजूने मोठा निकाल लागला. बदलीमुळे ‘मोठं’ नुकसान झालं हे आता दाखवावं लागत नाही, नोकरीच्या अटींत काही ना काही नुकसान दाखवलं तरी पुरतं.

एच-१बी असल्याने हे संरक्षण कमी होत नाही. फक्त ‘आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही’ असं कंपनीने म्हणणं हा सर्वसाधारणपणे बेकायदा भेदभाव धरला जात नाही, हे लक्षात ठेवा.

जातीबद्दल सांगायलाच हवं. जात हा शब्द टायटल सेव्हनमध्ये नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून सिस्को कंपनीवर दावा लावला, आधी फेडरल कोर्टात आणि मग राज्याच्या कोर्टात. कंपनीने आरोप नाकारले. फेब्रुवारी २०२३मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला स्पष्ट बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तशाच आशयाचं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्यामुळे फेडरल तक्रारीत जातीवरचा छळ आज वंश, कूळ, धर्म, राष्ट्रीय मूळ या शब्दांत मांडावा लागतो, आणि त्यासाठी हा विषय समजणारा वकील लागतो. आडनाव ऐकून ‘म्हणजे तुम्ही नक्की कुठले?’ असं जेवणाच्या टेबलावर चारचौघांत खोदून विचारणारे पुष्कळदा आपलेच असतात. अशा वेळी शेजारी बसलेल्या मराठी माणसाने खाली मान घालू नये. पुढे साक्षीदार म्हणून त्याचं नाव लागणार आहे.

नोंदवही

आज रात्रीपासून लिहायला लागा. ‘मॅनेजर नेहमी अपमान करतो’ या वाक्याची कोर्टात काही किंमत नाही. अशी नोंद हवी: ‘मंगळवार, १४ जानेवारी, सकाळी १०.१५, स्टँडअप कॉल. मॅनेजर म्हणाला, “क्लायंटसमोर तू बोलू नकोस, तुझं बोलणं कुणाला कळत नाही.” कॉलवर सहा जण होते (सगळ्यांची नावं). दुपारी दोन वाजता माझा डेमो दुसऱ्या सहकाऱ्याला दिल्याचा मेसेज आला.’ शब्द जसेच्या तसे, वेळ, हजर माणसं, आणि त्यानंतर कामात काय बदललं. शक्यतो घटना घडली त्याच दिवशी लिहा. तुमच्यासारखंच काम करणाऱ्या, पण वेगळ्या वंशाच्या किंवा वयाच्या सहकाऱ्याला कशी वागणूक मिळाली, तेही लिहा. खटल्यात सगळ्यात जड ठरते ती ही तुलना.

वही स्वतःच्या घरी, स्वतःच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप नोकरी जाते त्या क्षणी बंद होतो. कंपनीच्या गोपनीय फाइली, कोड, ग्राहकांच्या याद्या घरच्या ईमेलवर पाठवू नका. ‘तुम्हाला काढायला हेच कारण पुरेसं होतं’ असं कंपनी नंतर म्हणते आणि त्याने भरपाई कमी होऊ शकते. स्वतःची रेटिंगं, पगाराच्या स्लिपा, ऑफर लेटर, कंपनीचं हँडबुक या कागदांबद्दल वकिलाला विचारून घ्या.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत फार जपा. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास इथे संभाषणातल्या एकाची संमती पुरते, आणि तो एक म्हणजे तुम्ही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे खासगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. समोरचा दुसऱ्या राज्यात बसला असेल तर विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. दावा लागण्याची शक्यता दिसली की काहीही पुसायचं नाही. बायकोला, भावाला, कॉलेजच्या ग्रुपवर त्या प्रसंगाबद्दल लिहिलेले मेसेज समोरचा वकील मागू शकतो. मराठीत लिहिलंय म्हणून सुटका होत नाही, भाषांतर करून घेतात. पुसलेलं उघडकीला आलं तर न्यायाधीश त्याचा अर्थ तुमच्या विरुद्ध लावू शकतात.

कंपनीत लेखी तक्रार

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत काम केलेल्यांना लैंगिक छळाच्या २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती माहीत असते. तिच्यावर बाहेरचा सदस्य असतो, चौकशीची कायद्याने ठरवलेली पद्धत असते. इथे अशी समिती नेमण्याची फेडरल सक्ती नाही. तक्रार एचआरकडे जाते, आणि एचआर कंपनीसाठी काम करतं. हे माहीत असूनही तक्रार करायची, कारण १९९८च्या दोन निकालांनी कंपन्यांना एक बचाव दिला आहे: आमच्याकडे तक्रारीची योग्य सोय होती, कर्मचाऱ्याने ती वापरलीच नाही. छळ करणारा वरिष्ठ असला आणि त्यातून नोकरी जाणं किंवा पदावनती असं काही झालं नसलं, तर या एका मुद्द्यावर दावा पडू शकतो.

तक्रार ईमेलने करा आणि कारणाचं नाव घ्या. ‘माझ्यावर अन्याय होतोय’, ‘टीममध्ये वातावरण चांगलं नाही’ असं मोघम लिहिलं तर कायद्याच्या नजरेत ती भेदभावाची तक्रार ठरेलच असं नाही. ‘माझ्या राष्ट्रीय मुळावरून आणि वंशावरून मला वेगळी वागणूक मिळते आहे’ हे वाक्य त्यात असायला हवं. आपल्याला असं थेट लिहिणं अवघड जातं. भांडखोर दिसू, रेफरन्स बिघडेल, ग्रीन कार्डची फाइल अडकेल, अशी भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. पण त्याच वाक्यामुळे तुमच्यामागे दुसरं संरक्षण उभं राहतं: तक्रार केल्याबद्दल सूड घेणं हाही स्वतंत्र गुन्हा... म्हणजे दिवाणी अर्थाने स्वतंत्र दावा आहे. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरी, तक्रार प्रामाणिक आणि वाजवी समजुतीवर केलेली असेल तर, सुडाचा दावा टिकू शकतो. तक्रारीनंतर दोन आठवड्यांत रेटिंग घसरलं, तर ती दोन कागदपत्रं एकमेकांशेजारी ठेवली की पुष्कळ काही बोलतात.

एचआरची चौकशी चालू आहे म्हणून सरकारी मुदत थांबत नाही. या एका गैरसमजापायी माणसं हातची केस घालवतात.

सही करण्यापूर्वी

काढताना कंपनी सेव्हरन्सचा, म्हणजे नोकरी संपताना देऊ केलेल्या पैशांच्या कराराचा, कागद पुढे करते. त्यात बहुतेक वेळा ‘सर्व दावे सोडून देतो’ असं कलम असतं. पैसे घेऊन सही केली की बहुधा विषय संपतो. वय ४० किंवा जास्त असेल तर कायद्याने विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात, सामूहिक लेऑफ असेल तर ४५, आणि सहीनंतर ७ दिवसांत ती मागे घेता येते. तरुणांना अशी फेडरल मुदत नाही, पण वेळ मागायला कुणाचीच मनाई नाही. मागा.

ऑफर स्वीकारताना आर्बिट्रेशनच्या करारावर सही केली होती का, तेही शोधा. केली असेल तर कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे जावं लागू शकतं. लैंगिक छळ आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र ३ मार्च २०२२पासूनच्या फेडरल कायद्याने तक्रारदाराला कोर्ट निवडण्याचा हक्क दिला आहे.

एच-१बीवाल्यांना नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ (देशात राहण्याच्या परवानगीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दावा लावला म्हणून इथे राहण्याचा हक्क मिळत नाही. इमिग्रेशनचा वकील आणि नोकरीच्या कायद्याचा वकील, दोघांशी त्याच आठवड्यात बोला. भारतात परतावं लागलं तरी खटला चालू ठेवता येतो, फक्त जबानीला आणि सुनावणीला यायची तयारी ठेवावी लागते.

ईईओसी

टायटल सेव्हन, एडीए किंवा वयाच्या कायद्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, शपथेवर तक्रार नोंदवावी लागते. मुदत १८० दिवस. जिथे राज्याची किंवा शहराची स्वतःची यंत्रणा आहे तिथे ३००. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय इथे ३००. जॉर्जियात खासगी नोकरीसाठी १८०च, तेव्हा अटलांटाच्या मंडळींनी अर्धं वर्ष एवढंच धरून चालावं. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, शनिवार-रविवार धरून. फेडरल सरकारच्या नोकरांची वाट पूर्ण वेगळी आहे: त्यांना ४५ दिवसांत आपल्या खात्याच्या ईईओ समुपदेशकाला गाठावं लागतं.

तक्रार ईईओसीच्या पोर्टलवरून सुरू होते. आधी ‘इन्क्वायरी’ भरायची, मग मुलाखत, मग अधिकारी मसुदा तयार करतो आणि तुम्ही त्यावर ऑनलाइन सही करता. इन्क्वायरी भरली म्हणजे तक्रार झाली असं समजू नका. मुलाखतीच्या तारखा लांबच्या मिळतात. मुदतीला ६० किंवा कमी दिवस उरले असतील तर पोर्टल वेगळ्या सूचना दाखवतं, त्या पाळा.

मसुदा सही करण्याआधी दोनदा वाचा. पुढे कोर्टात साधारण तेवढंच मांडता येतं, जेवढं या तक्रारीत आहे किंवा तिच्यातून सरळ निघतं. ‘राष्ट्रीय मूळ’ एवढ्याच चौकोनात खूण केली आणि खरं म्हणजे वयाचाही प्रश्न होता, तर वयाचा दावा बहुधा गेला. सूडाचा चौकोन विसरला जातो, तो पाहा. तक्रारीनंतर नवीन काही घडलं तर दुरुस्ती किंवा नवी तक्रार करा. बढती नाकारणं, बदली, काढून टाकणं अशा प्रत्येक सुट्या घटनेची मुदत वेगळी मोजतात. सततच्या छळाच्या बाबतीत मात्र त्यातली एक घटना मुदतीत असली तर जुन्या घटनाही विचारात घेता येतात.

आयोग दहा दिवसांत कंपनीला कळवतो. कधी मध्यस्थीचा प्रस्ताव येतो. तो फुकट असतो आणि माझ्या मते नाकारू नये, कारण काही तासांत मिटलेलं भांडण पुढची दोन-तीन वर्षं वाचवतं. मिटलं नाही तर कंपनी आपलं लेखी म्हणणं देते. ते मागवून घ्या. कंपनी तुम्हाला काढण्याचं कारण इथे पहिल्यांदा लिहून देते, आणि तेच कारण पुढे कोर्टात बदललं तर तो तुमच्या हाती लागलेला मोठा पुरावा.

बहुतेक तक्रारी शेवटी कुठलाही निष्कर्ष न काढता बंद होतात आणि दावा लावण्याच्या हक्काची नोटीस मिळते. ती वाचून खचू नका, केस खोटी आहे असा तिचा अर्थ नाही. १८० दिवस उलटले तर ती नोटीस मागूनही घेता येते. वयाच्या दाव्यात तक्रारीनंतर ६० दिवस झाले की नोटिशीची वाट न पाहता कोर्टात जाता येतं.

नव्वद दिवस

नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात दावा दाखल व्हायलाच हवा. नोटीस आता बहुधा पोर्टलवर येते आणि ईमेलने खबर मिळते. तुम्ही ती कधी उघडली यावर वाद घालत बसण्यापेक्षा ईमेल आलेला दिवस हाच पहिला धरा. ऑफिसचा ईमेल पत्ता पोर्टलवर कधीही देऊ नका.

वकील शोधायला नोटिशीची वाट पाहू नका, ८०व्या दिवशी आलेली केस घ्यायला कुणी सहज तयार होत नाही. राष्ट्रीय रोजगार वकील संघटनेच्या, म्हणजे एनईएलएच्या, यादीत कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणारे वकील सापडतात. राज्याच्या बारची, म्हणजे वकील संघटनेची, शिफारस सेवा असते. पुष्कळ वकील मिळालेल्या रकमेचा वाटा घेण्याच्या बोलीवर काम करतात, साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के. कोर्टाचे इतर खर्च कोण देणार, ते करारात वाचा.

वकील मिळालाच नाही तर स्वतः दावा लावता येतो. फेडरल कोर्टांच्या संकेतस्थळावर नोकरीतल्या भेदभावासाठी तयार नमुना आहे, ‘प्रो से ७’ नावाचा. त्याला ईईओसीची तक्रार आणि नोटीस जोडायची, सोबत सिव्हिल कव्हर शीट आणि समन्स. फी ४०५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज असतो. ज्युरी हवी असेल तर ती मागणी दाव्यातच लिहून टाका, नंतर विसरली तर तो हक्क जातो. दावा दाखल झाल्यापासून ९० दिवसांत कंपनीला समन्स बजावायचं, आणि ते तुम्ही स्वतः देऊन चालत नाही, अठरा वर्षांवरचा त्रयस्थ माणूस लागतो. कागदपत्रं सार्वजनिक असतात आणि नाव शोधलं की सापडतं. टोपणनावाने दावा चालवायची परवानगी क्वचितच मिळते. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्या.

फेडरल कोर्ट हाच एक रस्ता आहे असंही नाही. न्यू जर्सीचा राज्य कायदा दोन वर्षांची मुदत देतो आणि आयोगाकडे जाणं सक्तीचं करत नाही. कॅलिफोर्नियात राज्याच्या विभागाकडे जायला तीन वर्षं आहेत. राज्य कायदे पुष्कळदा जास्त उदार असतात, वकिलाला दोन्हीची तुलना करायला सांगा.

दावा लागल्यावर

कंपनीला उत्तर द्यायला २१ दिवस, समन्स रीतसर बजावण्याची अट कंपनीने स्वतः सोडून दिली तर ६०. उत्तराऐवजी ‘हा दावा टिकतच नाही’ असा अर्ज येणं नेहमीचं आहे. त्यातून पार पडलात की डिस्कव्हरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद, प्रश्नावल्या आणि जबान्या. खटल्याचा बहुतांश काळ यातच जातो.

तुमची जबानी, म्हणजे डिपॉझिशन, एका दिवसात सात तासांपर्यंत चालू शकते. शपथेवर, स्टेनोसमोर, समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना. आपण मान डोलावून ‘हो’ म्हणतो, आणि ती डोलावलेली मान होकार की नकार हे अमेरिकन स्टेनोला लिहिता येत नाही. प्रत्येक उत्तर तोंडाने द्या. विचारलं तेवढंच सांगा. पाहुण्यांशी बोलताना लागलेली, मागचा-पुढचा संदर्भ देत बसण्याची सवय इथे अंगाशी येते. प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’ म्हणा, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’. मराठीतून बोलणं तुम्हाला सोपं जात असेल तर वकिलामार्फत मराठी दुभाषा आधीच मागा आणि हिंदीवर भागवून घेऊ नका, शब्दाशब्दाला किंमत आहे. सुनावणीच्या वेळी दिवाणी खटल्यात कोर्ट स्वतःहून दुभाषा सहसा देत नाही.

डिस्कव्हरी संपली की कंपनी समरी जजमेंट मागते: ज्युरीने ठरवावं असं यात काही उरलेलंच नाही, असं तिचं म्हणणं. बहुतेक दाव्यांची खरी परीक्षा ही. कंपनीने दिलेलं कारण खरं नाही, ते पांघरूण आहे, हे इथे कागदांनी दाखवावं लागतं. नोंदवही, तुलना, बदललेली कारणं, तारखांचा क्रम हे सगळं या दिवसासाठी होतं.

जिंकलात तर बुडालेला पगार मिळतो आणि त्याला कमाल मर्यादा नाही. पण दुसरी नोकरी शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं, म्हणून केलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा. मानसिक त्रासाची आणि दंडात्मक भरपाई मिळून टायटल सेव्हन आणि एडीएखाली कंपनीच्या आकारानुसार ५०,००० ते ३,००,००० डॉलरची मर्यादा आहे. सर्वात वरचा आकडा ५००हून जास्त माणसांच्या कंपनीला लागतो. सेक्शन १९८१ला ही मर्यादा नाही. जिंकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वकिलाची फी कोर्ट कंपनीकडून वसूल करून देऊ शकतं. हरलात तर अपिलाला ३० दिवस.

बहुतेक खटले ज्युरीपर्यंत न जाता तडजोडीत मिटतात. रकमेइतकंच तिच्या वाटणीकडे लक्ष द्या: बुडालेल्या पगाराचा भाग डब्ल्यू-२वर (पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवर) येतो आणि त्यातून कर कापला जातो, मानसिक त्रासाचा भाग शारीरिक इजेशी जोडलेला नसेल तर तोही करपात्रच असतो. वकिलाचा वाटा भेदभावाच्या दाव्यात उत्पन्नातून वजा करता येतो. रेफरन्समध्ये कंपनी काय सांगणार, ‘पुन्हा घेण्यास अपात्र’ असा शेरा फाइलमधून निघणार का, पैसे किती दिवसांत येणार, हेही करारातच लिहून घ्या.